झालं का?

सकाळी सहाला आमच्या घरात विचारला जाणारा 'झालं का?' हा प्रश्न मराठीतल्या सगळ्यात नेमक्या वाक्यांपैकी एक असावा. काय झालं, कुणाचं झालं, काहीच सांगावं लागत नाही. 'बद्धकोष्ठता' हा शब्द आमच्याकडे कुणी तोंडाने उच्चारलेला मी ऐकलेला नाही. तो औषधांच्या बाटल्यांवर आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींवर राहतो. घरात 'पोट साफ नाही', 'खडा होतोय', 'दोन दिवस झालेलं नाही' एवढ्यावर भागतं. आजी तर शेवटपर्यंत 'परसाकडं जाऊन येते' म्हणायची. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. माण तालुक्यातल्या घराला ती होती. घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीमागे दुसऱ्या कुणाची तरी दहा बाय बाराची खोली होती. तरी शब्द मुंबईला आला आणि पन्नास पायऱ्या खालच्या सार्वजनिक संडासाला चिकटला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, काम बॅकएंडचं. हो, या विषयावर लिहितेय म्हटल्यावर ऑफिसातल्या सगळ्यांचा तो विनोद करून झालेला आहे.

लिहायला कारण आई. मागच्या वर्षी गणपतीत लिफ्ट बंद होती, तेव्हा ती जिन्यात दर मजल्यावर थांबायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.६. डॉक्टरांनी तिसऱ्याच प्रश्नात विचारलं, "संडासवाटे रक्त जातं का?" आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोडं." किती दिवस? "होळीपासून." होळी ते गणपती. एसआरएच्या २६९ चौरस फुटांच्या घरात आम्ही तीन माणसं राहतो, एकाचा मोबाइल वाजला तर तिघं दचकतात, आणि ही गोष्ट सहा महिने एकटीलाच माहीत होती.

वय ५४, रक्त जाणं, अशक्तपणा, हे तिन्ही एकत्र दिसल्यावर डॉक्टर आहारावर बोलत बसत नाहीत, आधी कोलोनोस्कोपी सांगतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे तुमच्या घरात कुणाला रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर या लेखातलं पेरू-इसबगोल बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आतडी धुऊन निघण्यासाठी पावडर घातलेलं दोन लिटर पाणी प्यायचं असतं. चौथ्या ग्लासाला आई म्हणाली, "अगं, एवढं पाणी मी तुझ्या बाळंतपणातसुद्धा प्यायले नव्हते." तेव्हा मी नुसती हसले होते. दुसऱ्या दिवशी ती आत असतानाचा पाऊण तास मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून एकही ओळ न लिहिता काढला.

कॅन्सर नव्हता. मूळव्याध होती, आणि एक जुनी चीर, जी भरत यायची आणि पुन्हा उकलायची. हातात एक कागद मिळाला: भरपूर फायबर, भरपूर पाणी. त्याच्याच खाली लोहाच्या गोळ्या. आता लोहाच्या गोळ्यांनी अनेकांना खडा होतो, हे त्या गोळ्या खाल्लेल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. रक्त जातं म्हणून लोह, लोहामुळे खडा, खड्यामुळे रक्त. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात आणि असा गुंता असेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. शरीर तसंच रेटत चालू राहतं.

मग मी मला येतं ते केलं: एक्सेल उघडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. कच्च्या १०० ग्रॅममध्ये किती फायबर, हे त्यात धान्यागणिक मिळतं. स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. पहिले दोन दिवस आई "भाजीला काट्यावर बसवते, डोकं फिरलंय" म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले असताना तिनेच मटकीचं वजन कागदावर लिहून ठेवलं होतं.

आठवड्याची सरासरी आली दिवसाला २८ ग्रॅम. बाईमाणसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम हवं असं धरलं, तर आई पास. मटकीची उसळ, गवार, पालेभाजी, चार चपात्या, संध्याकाळी भाकरी, दाण्याचं कूट. शहाण्या आहारतज्ज्ञाने लिहून द्यावा असा डबा ती वर्षानुवर्षं खात होती. जाता जाता माझाही आठवडा मोजला: १३ ग्रॅम. सँडविच, ऑफिसातला पांढरा भात, रात्री नूडल्स. आणि माझं रोज सकाळी सातला घड्याळ लावल्यासारखं. निसर्गात न्याय नसतो, तो असा.

तक्ते वाचताना आमच्या घरातली एक श्रद्धा मात्र मोडली. आजीचं मत होतं की गावची ज्वारी सुटली आणि मुंबईचा गहू आला म्हणून सगळ्यांची पोटं बिघडली. आकडे वेगळंच सांगतात. १०० ग्रॅम ज्वारीत फायबर १०.२ ग्रॅम, बाजरीत ११.५, आणि गव्हाच्या कणकेत ११.४. गव्हाने काही घोडं मारलेलं नाही. पांढरा तांदूळ २.८, मैदा २.८. फरक इथे पडतो. म्हणजे वडापावातला वडा बिचारा निर्दोष आहे, बेसन-बटाट्याचा, दोषी पाव. आणि चहासोबतची खारी, बटर, नानकटाई. त्यातही एक चोरटी गोष्ट म्हणजे चाळणी. चपात्या मऊ आणि पांढऱ्या याव्यात म्हणून कणीक बारीक चाळणीने चाळली की कोंडा वरच राहतो आणि ते ११ खाली येतं. ज्या भाषेत कोंड्याचा मांडा करणाऱ्या बाईचं कौतुक होतं, तिथे आपण आता मांड्याच्या नादाने कोंडा फेकतो.

कोंड्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका आयरिश सर्जनने. डेनिस बर्किट अनेक वर्षं युगांडात होते. तिथल्या खेड्यांत मूळव्याध, आतड्याचे विकार फारसे दिसत नाहीत आणि ब्रिटनमध्ये दवाखाने त्यांनीच भरलेले असतात, हे त्यांनी पाहिलं. १९७०च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या लोकांची विष्ठा तोलली, खाल्लेलं बाहेर पडायला किती तास लागतात ते मोजलं. साऱ्या आयुष्याच्या प्रतिष्ठेवर पाणी सोडून एका सर्जनने हे काम करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 'फायबर खा' हा डॉक्टरच्या कागदावरचा दोन शब्दांचा सल्ला पुष्कळसा त्यांच्याकडून आलेला आहे.

पण तो सल्ला आता थोडा जुना झाला आहे. २०२५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी जुनाट बद्धकोष्ठतेसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. 'फायबर जास्त असलेला आहार घ्या' या सरसकट सल्ल्याला, तक्रार आधीच जडलेल्या माणसापुरता, पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. पुरावा सापडला तो ठरावीक गोष्टींना: इसबगोलासारखं पूरक फायबर, किवी, राईच्या पिठाचा पाव, खनिजं जास्त असलेलं पाणी. हे वाचल्यावर आईचे २८ ग्रॅम मला वेगळे दिसायला लागले. माल पुरेसा येत होता, अडत होता पुढे.

म्हणून दुसरा तक्ता केला, पाण्याचा.

आई स्टेशनजवळच्या एका पोळी-भाजी केंद्रात काम करते. पहाटे साडेपाचला घरातून निघते, तीनला सुटते. दिवसाच्या चारशेच्या वर चपात्या, दोन मोठे तवे, पंखा लावता येत नाही कारण गॅसची ज्योत हलते. त्या साडेनऊ तासांतलं तिचं पिणं: अर्धा कप चहा दोनदा. बस. मे महिन्यातसुद्धा. मी विचारलं, "तहान लागत नाही?" ती म्हणाली, "लागायची पहिल्यांदा."

केंद्रात संडास नाही. गाळा आहे, मोरी आहे, भांडी घासायला जागा आहे. मालकाच्या लक्षात हे कधी आलं नाही कारण तो पुरुष आहे आणि त्याचा दिवस गाळ्यात जात नाही. स्टेशनवरचा संडास सात-आठ मिनिटांवर. जाऊन-येऊन वीस मिनिटं, तितक्या वेळात साठ चपात्या. कामाला असणाऱ्या चार बायकांनी यावर शोधलेला उपाय एकच: प्यायचंच नाही.

याआधीची गोष्टही हीच. लग्न होऊन ती डोंगरावर आली तेव्हा वस्तीचा संडास खाली होता आणि बायका उजाडायच्या आत उरकायच्या. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामुदायिक संडासात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट धरली आहे. निकषच २५ चा आहे, तर सकाळची रांग केवढी ते कुणीही मोजावं. रांगेत उभं राहून कळ येते, कळ जाते. बाहेरून कुणी कडी वाजवतं. सासूबाई वरून हाक मारतात. आईने मला एकदा सांगितलं होतं की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती दोन दिवसांतून एकदा जायची, 'सवयच करून घेतली.' हे वाक्य ती 'पोहायला शिकले' म्हणावं तसं म्हणाली होती.

त्या सवयीचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या आतड्याचं मुख्य काम पाणी शोषून घेणं. आलेला माल जितका वेळ तिथे पडून राहील तितकं पाणी ओढलं जाणार, तितका तो कडक होणार. झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही पडल्यावर हे आतडं जोराने आवळतं, सकाळच्या चहानंतर येणारी कळ ती हीच. ती कळ मानली नाही तर थोड्या वेळाने विरून जाते. हे वर्षानुवर्षं केलं की गुदाशयाचा निरोप बोथट होत जातो. भरलंय हे कळायलाच उशीर लागतो. आणि फायबर फुगतं ते पाण्यात. पाणीच नसेल तर उसळ, गवार, कोंडा यांचा नुसता भरणा होतो. पाणी वाढवलं की सगळ्यांचंच पोट सुटतं, याला पुरावा तसा लंगडाच आहे. ज्याला पाणी पुरेसं मिळतं त्याने आणखी प्यायल्याने फार फरक पडत नाही. पण तव्यासमोर साडेनऊ तास घाम गाळणाऱ्या बाईचा हिशेब त्या पुराव्यात बसत नाही.

माझा रोजचा प्रवास घाटकोपर ते अंधेरी. मेट्रोचा हा पहिला मार्ग जून २०१४ मध्ये सुरू झाला, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. असल्फाला खिडकीतून डोंगरावरची रंगवलेली घरं दिसतात. २०१७-१८ च्या सुमाराला स्वयंसेवकांनी त्या भिंती रंगवल्या, तेव्हापासून लोक तिथे फोटो काढायला येतात. मी त्या गाडीत बायकांच्या पिशव्यांतल्या बाटल्या बघायला लागले आहे. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी परतीच्या गाडीत अर्धी असते. टीममधली बदलापूरहून येणारी मैत्रीण घरातून निघण्याआधी तासभर पाणी पीत नाही, आणि तिच्या ऑफिसात तर प्रत्येक मजल्यावर चकचकीत टॉयलेट आहे. सवय लोकलची. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाने बायकांनी मोहीम चालवली, कारण सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे पडत. तेव्हा मी शाळेत होते आणि त्या नावाला हसले होते. पण त्या मोहिमेला आतड्याशी काय देणंघेणं, असं वाटत असेल तर आईचा तक्ता दाखवते.

आता काय केलं ते.

इसबगोल सगळ्यात आधी. घाटकोपरात हे मिळायला शोधावं लागत नाही. शेजारच्या गुजराती काकी तर रात्री झोपताना ताकात घालून पितात. उत्तर गुजरातेतलं उंझा-सिद्धपूर ही याची मोठी बाजारपेठ, आणि शब्द फारसीतला, अस्प म्हणजे घोडा आणि घोल म्हणजे कान, बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून. अमेरिकेत तेच १९३४ पासून मेटाम्युसिल नावाने विकलं जातं. दोन चमचे, मोठा ग्लासभर पाण्यात, लगेच प्यायचं आणि वरून आणखी पाणी. कोरडं किंवा घोटभर पाण्यात घेतलं तर उलट अडकून बसतं. एका रात्रीत जादू होत नाही, दोन-तीन दिवस द्यावे लागतात. बाकीच्या औषधांपासून दोनेक तास लांब ठेवायचं. लोहाची गोळी चहाबरोबर घेणं आम्ही बंद केलं, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. काकींनी दिलेलं चूर्ण मात्र परत केलं. अशा पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चाबूक मारून पळवते. कधीमधी ठीक, रोज घ्यायचं ते डॉक्टरला विचारून. एरंडेलाचंही तेच. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी एरंडेल घेतल्यासारखा चेहरा बघितलाय, एरंडेल नाही.

किवीचं मी आईला सांगितलं. दोन-तीन रोज, निदान चार आठवडे, असं त्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. प्लॅस्टिकच्या डबीतल्या तीन फळांची किंमत ऐकून तिने डबी जागेवर ठेवली आणि स्टेशनबाहेरून किलोभर पेरू घेतले. पेरूवर लंडनमध्ये कुणी असा अभ्यास केला असेल असं वाटत नाही, पण आपल्या तक्त्यात १०० ग्रॅम पेरूला साडेआठ ग्रॅम फायबर आहे, आणि आई तो तिखटमीठ लावून रोज खाते. किवी तिने औषध म्हणून चार दिवस खाल्ली असती. कमोडपुढे पाय उंच ठेवायला पाट ठेव म्हटलं, तर "जेवायचा पाट संडासात?" म्हणून ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल चाललं. गुडघे वर आले की गुदमार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात हे आपोआप व्हायचं.

पहाटेची वेळ बदलली. चार वाजता उठून चहा, मग पंधरा मिनिटं कुणी हाक मारायची नाही. भावाला आंघोळीसाठी नंतर उठवते. एकाच दाराच्या घरात ही पंधरा मिनिटं मिळवायला जेवढी बोलाचाली झाली तेवढी बाकी कशालाच झाली नाही.

राहिलं केंद्रातलं पाणी. मी मालकाशी बोलते म्हटलं, तर आईने साफ नाही म्हणून सांगितलं. महिनाभराने कळलं की तिने तिचं बघितलंय. गाळ्याच्या वर पहिल्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग आहेत, सकाळी रिकामे असतात, तिथे स्वच्छ संडास आहे. सरांना रोज दुपारी सहा चपात्या आणि एक भाजी, बदल्यात चावी. सहातल्या चपात्यांचे पैसे चौघी मिळून भरतात, मालकाच्या पिठातल्या नाहीत, हे आईने मला दोनदा सांगितलं. चावी पोळपाटाच्या बाजूच्या खिळ्याला असते. संडास आठवड्यातून दोनदा त्याच धुतात.

आठ महिने झाले. हिमोग्लोबिन ११.२ आहे. रक्त थांबलं. पोट रोज नाही, पण आठवड्यातून पाच दिवस साफ होतं, आणि ज्या दोन दिवशी होत नाही त्याची ती आता मोठ्याने तक्रार करते. घरातली कणीक चाळणं बंद, भाऊ 'काळ्या चपात्या' म्हणून नाक मुरडतो. केंद्रात मात्र गिऱ्हाइकाला पांढरीच लागते, तिथे चाळणी चालू आहे. जमलेला कोंडा एक तबेलेवाला घेऊन जातो.

परवा सुट्टी होती म्हणून मी आईचा डबा द्यायला गाळ्यात गेले. केंद्रात एक नवी मुलगी लागली आहे, विशीतली, दिव्याहून येते, चारच्या गाडीने. गर्मीने लाल झाली होती. तिच्यासमोरचा ग्लास तसाच भरलेला. आई लाटणं न थांबवता म्हणाली, "पी गं. चावी आहे."